जिवाणू वाढवायचे कसे, ओळखायचे कसे?



यंदाच्या विज्ञान प्रदर्शनात आमच्या विज्ञान मंडळाच्या टेबलावर सर्वांत पुढे एक प्लेट मांडली होती. तिच्यावर फक्त ‘पाणी’ असे लिहिले होते आणि आत पाच फिकट, सुरकुतलेले ठिपके होते. मागे दह्याच्या सुंदर प्लेटा ओळीने लावलेल्या असताना ही खराब प्लेट पुढे का, असे अनेक पालकांनी विचारले. गर्दीत नीट उत्तर देता आले नाही, म्हणून हा लेख. जिवाणू वाढवण्याच्या आणि ओळखण्याच्या मूळ पद्धती कोणत्या, त्या आम्ही कशा शिकलो, कुठे चुकलो, आणि या सगळ्याचा आपल्या बडोद्याशी सव्वाशे वर्षांपूर्वी काय संबंध आला होता, हे आम्ही येथे क्रमाने सांगत आहोत.

प्रयोग करताना ‘आम्ही’ म्हणजे मंडळाच्या दोन शिक्षिका आणि नववीची अकरा मुले-मुली. हा लेखही सर्वांनी मिळून लिहिला आहे.

घरातला जुना प्रयोग

जिवाणू वाढवणे आपल्याला नवीन नाही. घरोघरी रोज रात्री दूध तापवतात, कोमट झाले की चमचाभर विरजण लावतात आणि झाकून उबेला ठेवतात. सकाळी दही लागलेले असते. यात चारही मुख्य गोष्टी आल्या. दूध हे जिवाणूंचे अन्न, म्हणजे माध्यम. तापवल्याने त्यातले नको असलेले बरेचसे जिवाणू मरतात. विरजण म्हणजे बीज. उबेला ठेवणे म्हणजे उबवणी.

मग प्रयोगशाळेत वेगळे काय? घरी आपल्याला दही हवे असते; त्यात कोणकोणते जिवाणू आहेत याची चौकशी आपण करत नाही. प्रयोगशाळेत प्रश्न वेगळा असतो. येथे कोण आहे, किती आहेत, आणि एकाला बाकीच्यांपासून वेगळे कसे काढायचे? द्रव दुधात सगळे एकमेकांत मिसळलेले असतात. त्यांना वेगळे करायचे तर घट्ट जमीन लागते.

घट्ट जमीन : आगर

जर्मनीतील डॉक्टर रॉबर्ट कॉख यांनी १८८१ च्या सुमारास घट्ट माध्यमावर जिवाणू वाढवण्याची पद्धत बसवली. सुरुवातीला ते जिलेटिन वापरत. पण जिलेटिन उन्हाळ्यात वितळते आणि काही जिवाणू ते खाऊन पातळ करून टाकतात. आपल्या बडोद्यात मे महिन्यात जिलेटिनची प्लेट केली असती तर दुपारपर्यंत तिचे सरबत झाले असते!

यावर उपाय सुचवला फॅनी हेस यांनी. त्यांचे पती कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करत. फॅनीबाई जेली करताना समुद्री शेवाळापासून मिळणारा आगर वापरत; तो उन्हाळ्यातही टिकतो हे त्यांना स्वयंपाकघरात कळले होते. तोच प्रयोगशाळेत गेला आणि आजही जगभर वापरात आहे. आपल्याकडे किराणा दुकानात जो ‘चायना ग्रास’ मिळतो तो आगरच. आगर वितळायला ८५ अंशांहून जास्त उष्णता लागते, पण एकदा वितळला की सुमारे ४० अंशांपर्यंत खाली येईतो तो गोठत नाही. या दोन आकड्यांच्या मधल्या अंतरामुळेच तो प्लेटमध्ये सावकाश ओतता येतो, आणि गोठल्यावर ३७ अंशांच्या उबेत ठेवला तरी घट्ट राहतो.

झाकणाची उथळ काचेची ताटली यूलियस पेट्री यांनी १८८७ साली सुचवली. ती आजची ‘पेट्री प्लेट’.

आम्ही २०० मिलीलिटर माध्यम केले ते असे : पेप्टोन २ ग्रॅम, यीस्टचा अर्क २ ग्रॅम, ग्लुकोज २ ग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेट १ ग्रॅम, आगर ३ ग्रॅम, बाकी पाणी. एवढ्यात बारा प्लेटा होतात. कॅल्शियम कार्बोनेट कशासाठी? दह्याचे जिवाणू साखरेपासून लॅक्टिक आम्ल बनवतात. या पांढऱ्या भुकटीने माध्यम दुधाळ दिसते. जेथे आम्ल तयार होते तेथे ती विरघळते आणि वसाहतीभोवती काचेसारखे स्वच्छ कडे उमटते. म्हणजे आम्ल कोण करतो हे डोळ्यांनीच दिसते. फळ्यावरचा खडू मात्र घेऊ नये, कारण तो बहुधा जिप्समचा असतो आणि त्याने असे कडे उमटत नाही. भुकटी तळाशी बसते, म्हणून ओतण्यापूर्वी फ्लास्क हलकेच फिरवून घ्यावा.

निर्जंतुक करणे

माध्यमात आपण घातलेल्या जिवाणूंशिवाय दुसरे कोणी नसावे, यासाठी ते आधी निर्जंतुक करतात. मोठ्या प्रयोगशाळेत यासाठी ऑटोक्लेव्ह असते. त्याचे तत्त्व आपल्या प्रेशर कुकरचेच. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांच्या वर तापत नाही. कुकरमध्ये वाफ कोंडली, दाब वाढला की ते १२१ अंशांपर्यंत जाते. या तापमानाला १५ मिनिटे ठेवले म्हणजे जिवाणूंबरोबर त्यांचे बीजाणूही मरतात.

‘बीजाणू’ हा शब्द लक्षात ठेवा. काही जिवाणू अडचणीच्या काळात स्वतःभोवती जाड कवच करून निद्रिस्त होतात. त्या अवस्थेला बीजाणू म्हणतात. ते धुळीत आणि मातीत वर्षानुवर्षे राहतात आणि पाण्याला उकळी आली तरी मरत नाहीत.

कुकर वापरताना आधी शिट्टी न लावता वाफ जोरात बाहेर येऊ द्यावी, म्हणजे आतली हवा निघून जाते. मग शिट्टी लावून वेळ मोजावी. आम्ही सावधगिरी म्हणून २० मिनिटे ठेवले. गॅस बंद केल्यावर शिट्टी घाईने उचलू नये. दाब एकदम उतरला की माध्यम उसळून कापसाचे बूच भिजते. आमचा पहिला फ्लास्क असाच वाया गेला.

मोजणी : पातळ करत जाणे

आम्ही तीन घरांचे दही आणले. एक ग्रॅम दह्यात कोट्यवधी जिवाणू असतात. ते तसेच पसरले तर प्लेटवर नुसता पांढरा थर येईल. म्हणून ते टप्प्याटप्प्याने पातळ करतात. एक ग्रॅम दही ९ मिलीलिटर निर्जंतुक पाण्यात मिसळले की दहापट पातळ झाले. त्यातले १ मिलीलिटर दुसऱ्या नळीतील ९ मिलीलिटर पाण्यात घातले की शंभरपट. अशा सहा नळ्या केल्या की दहा लाख पट.

प्रत्येक दह्याच्या चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या नळीतून ०.१ मिलीलिटर एकेका प्लेटवर पसरले. अशा नऊ प्लेटा झाल्या. दहावी प्लेट हवेसाठी. तिचे झाकण पंधरा मिनिटे उघडे ठेवले. अकराव्या प्लेटवर फक्त नळ्यांत वापरलेले पाणी पसरले. बारावी प्लेट कोरी, न उघडता ठेवलेली.

शेवटच्या दोन प्लेटा म्हणजे फुकट खर्च, असे आमच्यातल्या काहींना वाटले होते. त्यांचे काम पुढे कळेल.

हे सगळे स्पिरिटच्या दिव्याजवळ करतात. ज्योतीमुळे हवा वर जाते आणि धूळ प्लेटवर पडण्याचा संभव कमी होतो. पंखा बंद, बोलणे बंद, झाकण अर्धेच उचलायचे. दिव्याशी काम शिक्षिकांनीच केले.

उबवणी

प्लेटा उलट्या, म्हणजे झाकण खाली करून ठेवतात. तसे न केल्यास झाकणावर जमलेले बाष्प थेंबाथेंबाने आगरवर पडते आणि वसाहती एकमेकींत वाहून जातात. दह्याच्या काही जिवाणूंना हवेतला भरपूर प्राणवायू मानवत नाही. त्यांच्यासाठी प्लेटा मोठ्या बरणीत ठेवून शेजारी मेणबत्ती लावतात आणि झाकण घट्ट बसवतात. मेणबत्ती विझते तोवर आतला प्राणवायू कमी झालेला असतो.

बरणी आम्ही थर्माकोलच्या खोक्यात ठेवली. खोक्यात एक लहान बल्ब आणि तापमापक होता. ३७ अंश, ४८ तास. (मे महिन्यात हे खोके लागणार नाही, आपली प्रयोगशाळाच तेवढी तापते.)

जिवाणू दोन भाग होऊन वाढतात. अनुकूल स्थितीत काही जिवाणू दर २० मिनिटांनी दुप्पट होतात. एकाचे दोन, दोनाचे चार, असे दहा वेळा झाले की १०२४, आणि त्याला लागतात जेमतेम तीन तास वीस मिनिटे. एक जिवाणू डोळ्यांना दिसत नाही, पण तो एका जागी बसून वाढत गेला की दोन दिवसांत टाचणीच्या माथ्याएवढा ठिपका होतो. तीच वसाहत. म्हणून एक वसाहत म्हणजे मुळात एक जिवाणू, किंवा एकत्र चिकटलेली एक साखळी, असे धरतात. मोजण्यासाठी साधारण ३० ते ३०० वसाहतींची प्लेट घेतात. त्याहून कमी असल्या तर अंदाज डळमळतो आणि जास्त असल्या तर त्या एकमेकींत मिसळतात.

आमची चूक

तिसऱ्या दिवशी बरणी उघडली. दह्याच्या प्लेटांवर मोत्यांसारख्या लहान, गोल, दुधी वसाहती होत्या आणि प्रत्येकीभोवती स्वच्छ कडे. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या घरच्या दह्याच्या सहाव्या नळीची प्लेट मोजली. ५२ वसाहती. हिशेब फळ्यावर मांडला : ५२ गुणिले १० गुणिले १० लाख, म्हणजे एका ग्रॅममध्ये ५२ कोटी. प्रदर्शनाचा तक्ता लगेच रंगवायला घेतला.

मग कोणीतरी पाण्याची प्लेट उचलली. तिच्यावर काहीच उगवायला नको होते. पण पाच वसाहती होत्या. मोठ्या, कोरड्या, सुरकुतलेल्या, कड्याशिवाय. कोरी प्लेट मात्र स्वच्छ होती.

प्रदर्शन पाच दिवसांवर होते. एक मुलगा हळूच म्हणाला, “बाई, ही प्लेट ठेवायचीच नाही. कोणाला कळणार आहे?” खरे सांगायचे तर क्षणभर आम्हा शिक्षिकांनाही तो मार्ग सोपा वाटला. तक्ता अर्धा रंगवून झाला होता.

तेवढ्यात एका मुलीने मोजलेली प्लेट पुन्हा उजेडात धरली. त्या ५२ मध्येही सहा वसाहती तशाच कोरड्या, बिनकड्याच्या होत्या. मोजण्याच्या भरात आम्ही त्यांनाही दह्याचे जिवाणू धरले होते. पाण्याची प्लेट नसती तर ही चूक कधीच लक्षात आली नसती.

आता विचार असा केला. कोरी प्लेट स्वच्छ आहे, म्हणजे माध्यम नीट निर्जंतुक झाले होते. मग पाहुणे आले कुठून? हवेतून, पसरायच्या काचेच्या कांडीतून किंवा पाण्यातून. हवेच्या प्लेटवर मुख्यतः बुरशीचे कापसासारखे पुंजके होते. या कोरड्या वसाहती तिथे दिसल्या नाहीत. कांडी दर वेळी स्पिरिटमध्ये बुडवून जाळून घेतली होती. राहिले पाणी. आणि मग आठवले. कुकरमध्ये फ्लास्क ठेवल्यावर पाण्याच्या नळ्यांना जागा उरली नव्हती. ‘पाणीच तर आहे’ म्हणून आम्ही ते गॅसवर दहा मिनिटे उकळून, गार करून नळ्यांत भरले होते.

अंदाज केला तरी तो सिद्ध करावा लागतो. तीन नव्या प्लेटा घेतल्या. एकीवर कुकरमध्ये २० मिनिटे ठेवलेले पाणी, दुसरीवर नुसते उकळलेले पाणी, तिसरी कोरी. दोन दिवसांनी पहिली स्वच्छ, तिसरी स्वच्छ, आणि दुसरीवर त्याच कोरड्या, सुरकुतलेल्या वसाहती.

(यावरून उकळलेले पाणी पिऊ नये असे कोणी समजू नये! कॉलरा, विषमज्वर यांचे जिवाणू बीजाणू करत नाहीत आणि उकळीने मरतात. पिण्यासाठी उकळलेले पाणी उत्तमच. जिवाणू मोजण्यासाठी ते पुरत नाही, इतकेच.)

ओळख पटवणे

आता हे पाहुणे कोण, हे पाहायचे होते. ओळखण्याच्या पायऱ्या अशा :

पहिली पायरी, शुद्ध करणे. तारेचा फास ज्योतीत लाल होईपर्यंत तापवून गार करतात, त्याने एका वसाहतीला स्पर्श करतात आणि नव्या प्लेटच्या एका कोपऱ्यात रेघोट्या ओढतात. फास पुन्हा जाळून, पहिल्या रेघोट्यांच्या टोकातून दुसरीकडे ओढतात. असे चार वेळा. दर वेळी जिवाणू विरळ होत जातात. रांगोळीची चिमूट शेवटी संपत आली की ठिपके सुटे पडतात ना, तसेच. शेवटच्या भागात एकेकटे पडलेले जिवाणू स्वतंत्र वसाहती करतात.

दुसरी पायरी, डोळ्यांनी पाहून नोंद. आकार, कडा, उंची, रंग, चकाकी, आणि आपल्या माध्यमात कडे आहे की नाही.

तिसरी पायरी, ग्राम अभिरंजन. डेन्मार्कचे हान्स क्रिश्चन ग्राम यांनी १८८४ साली प्रसिद्ध केलेली ही पद्धत आजही पहिली चाचणी आहे. काचपट्टीवर पातळ लेप द्यायचा, वाळवून ज्योतीवरून दोन-तीनदा फिरवायचा. मग जांभळा क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, धुणे. आयोडीन एक मिनिट, धुणे. अल्कोहोल दहा-पंधरा सेकंद, लगेच धुणे. शेवटी तांबडा सॅफ्रानिन अर्धा ते एक मिनिट. ज्या जिवाणूंची भिंत जाड असते ते जांभळा रंग धरून ठेवतात; त्यांना ग्राम-धन म्हणतात. ज्यांची भिंत पातळ, त्यांचा जांभळा रंग अल्कोहोलने निघून जातो आणि ते गुलाबी दिसतात, ते ग्राम-ऋण. अल्कोहोलचा वेळ चुकला की निकालही चुकतो. आमच्या पहिल्या तीन पट्ट्या याच पायरीवर बिघडल्या.

सूक्ष्मदर्शकाखाली तेल घालून हजारपट मोठे करून पाहिले. दह्याच्या वसाहतींमध्ये जांभळ्या दांड्या आणि जांभळ्या मण्यांच्या माळा दिसल्या. पाहुण्यांच्या लेपात जांभळ्या जाड दांड्या होत्या आणि बऱ्याच दांड्यांच्या पोटात एक बिनरंगाचा, चकाकणारा ठिपका होता. तो बीजाणू. रंग त्याच्या कवचातून आत शिरत नाही.

चौथी पायरी, रासायनिक चाचणी. काचपट्टीवर थोडी वसाहत घेऊन ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकतात. कॅटालेज हे विकर असले तर फसफसून बुडबुडे येतात. (येथे तारेचा फास न वापरता लाकडी काडी वापरावी, तारेमुळेही कधी बुडबुडे येऊ शकतात.) दह्याच्या जिवाणूंचा थेंब शांत राहिला. पाहुण्यांचा फसफसला.

बीजाणू करणारी, जांभळी, कॅटालेज असलेली, हवेत वाढणारी दांडी. हे वर्णन माती व धुळीत सर्वत्र आढळणाऱ्या बॅसिलस गटाशी जुळते. याहून नेमके नाव सांगायचे तर आणखी चाचण्या लागतात. आज मोठ्या प्रयोगशाळांत जिवाणूच्या एका ठराविक जनुकातली सुमारे दीड हजार अक्षरे वाचून ओळख पटवतात. आम्ही ‘बॅसिलस गटासारखा’ येथेच थांबलो. जेवढे पाहिले तेवढेच सांगावे.

उंडेरा आणि मुल्कोवाल

आता बडोद्याची गोष्ट. गोरव्याच्या पुढे उंडेरा आहे. आज ते शहराला लागले आहे; १८९८ मध्ये ते बडोद्यापासून सहा मैलांवरचे खेडे होते.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. पुढच्या वर्षी पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले, हे आपण इतिहासात वाचतो. वाल्देमार हाफकिन हे शास्त्रज्ञ त्या वेळी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये तुटपुंज्या जागेत प्लेगची लस करत होते. प्लेगचा जिवाणू ते मांसरसाच्या माध्यमात वाढवत. हिंदू आणि मुसलमान या दोघांच्याही भावना सांभाळण्यासाठी त्यांनी बोकडाचे मांस घेतले. रसावर ते तुपाचे थेंब सोडत. तरंगत्या तुपाच्या खालून जिवाणूंची वाढ गुहेतल्या चुनखडीच्या लोंबत्या सुळक्यांसारखी खाली उतरे. फ्लास्क मधूनमधून हलवला की सुळके गळून पडत आणि नवे येत. ही वाढ म्हणजे प्लेगच्या जिवाणूची ओळखही होती. पुढे उष्णतेने जिवाणू मारून लस तयार होई. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली.

लस खरेच उपयोगी पडते का? हे पाहण्यासाठी फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोदा संस्थानातील उंडेरा गाव निवडले गेले. गावात प्लेग होताच. घराघरांतून माणसे बाहेर बोलावली आणि प्रत्येक कुटुंबातल्या जवळजवळ निम्म्या जणांना लस टोचली. निम्मे तसेच राहिले. एकच घर, एकच अन्न, एकच हवा. फरक फक्त लसीचा. पुढे २८ कुटुंबांत प्लेग शिरला. त्या कुटुंबांत लस घेतलेले ७१ जण होते. त्यांपैकी ८ आजारी पडले, ३ दगावले. लस न घेतलेले ६४ होते. त्यांपैकी २७ आजारी पडले आणि २६ दगावले.

हे आकडे फळ्यावर लिहिले तेव्हा वर्ग गप्प झाला. आमची पाण्याची प्लेट आणि उंडेऱ्यातले ते ६४ जण यांचे काम एकच होते. त्यांच्याशी तुलना केली म्हणून लसीचा गुण कळला. आज असा प्रयोग करायचा तर प्रत्येकाला सगळे समजावून त्याची संमती घ्यावी लागते, आणि ते योग्यच आहे. पण ती माणसे होती, हे आकडे वाचताना विसरू नये.

दुसरी गोष्ट ३० ऑक्टोबर १९०२ ची, पंजाबातल्या मुल्कोवाल गावची. तेथे एका दिवसात १०७ जणांना लस टोचली. त्यांपैकी ५३-एन क्रमांकाच्या एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने मेले. बाकीचे ८८ सुखरूप राहिले. धनुर्वाताचा जिवाणूही बीजाणू करणारा, मातीत राहणारा. ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्यांना पद सोडावे लागले. पुढे चौकशीतल्या साक्षी नीट वाचल्यावर दिसले की, बाटली गावात उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नुसता कार्बोलिक द्रावणात बुडवून पुन्हा वापरला होता. सर रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी हा प्रश्न लावून धरला. १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. १९२५ साली परळच्या संस्थेला त्यांचे नाव दिले गेले.

चिमटा बुडवला म्हणजे झाले, असे त्या मदतनिसाला वाटले असेल. पाणी उकळले म्हणजे झाले, असे आम्हाला वाटले होते. आमच्या चुकीने एक आकडा बिघडला, तिथे एकोणीस माणसे गेली.

शेवटी

आम्ही सर्व दह्यांची मोजणी कुकरमधल्या पाण्याने पुन्हा केली. तक्ता दुसऱ्यांदा रंगवला. पहिल्या घरच्या दह्याचा जुना आकडा खोडून, तो का खोडला हेही खाली लिहिले. आणि पाण्याची प्लेट सर्वांत पुढे ठेवली. ती ठेवायला तोच मुलगा पुढे आला, ज्याने ती लपवू या म्हटले होते. लोक विचारत होते, आणि तो दर वेळी न कंटाळता पहिल्यापासून सांगत होता.

सावधगिरीच्या सूचना

१. शाळेत किंवा घरी घसा, जखम, गटार, संडास येथील नमुने कधीही वाढवू नयेत. कोणता जिवाणू वाढेल सांगता येत नाही. दही, विरजण, इडलीचे पीठ पुरेसे आहे.

२. उगवलेल्या प्लेटा चिकटपट्टीने बंद ठेवाव्यात. अनोळखी वसाहत दिसली तर मुलांनी झाकण उघडू नये; तिचे लेप आणि चाचण्या शिक्षकांनीच कराव्यात. आम्हीही तसेच केले.

३. काम संपल्यावर सर्व प्लेटा उष्णता सोसणाऱ्या पिशवीत घालून कुकरमध्ये २० मिनिटे ठेवाव्यात, मगच टाकाव्यात. हा कुकर स्वयंपाकाला वापरू नये.

४. स्पिरिटची बाटली दिव्यापासून दूर ठेवावी. हात कामापूर्वी आणि कामानंतर साबणाने धुवावेत. प्रयोगशाळेत खाऊ नये.

स्वाध्याय

१. सहाव्या नळीतून ०.१ मिलीलिटर पसरलेल्या प्लेटवर ५२ वसाहती होत्या. त्यांतल्या ६ पाहुण्या वगळल्या, तर एका ग्रॅम दह्यात दह्याचे किती जिवाणू धरावेत?

२. पाण्याची प्लेट आणि कोरी प्लेट, दोन्हींवर सारख्याच वसाहती आल्या असत्या, तर चूक प्रथम कुठे शोधायला हवी होती?

३. उंडेऱ्यातील २८ कुटुंबांत लस घेतलेल्यांपैकी आणि न घेतलेल्यांपैकी शेकडा किती दगावले, ते काढा.

४. घरी दूध उकळून विरजले तरी कधी कधी दही चिकट होते किंवा त्याला वास येतो. कारण शोधण्यासाठी तुम्ही कोणत्या ‘कोऱ्या’ वाट्या ठेवाल?

उत्तरे वहीच्या पानावर लिहून विज्ञान मंडळाच्या पेटीत टाकावीत. उत्तर चुकले तरी चालेल. ते कसे काढले, हे मात्र जरूर लिहावे.